फुलोऱ्यातली वेणी

माझ्या सासूबाईंनी मला फसवलं. एकदा नाही, दर वर्षी, महालक्ष्म्यांच्या सणात, माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझ्याच कढईत. आणि माझ्या धाकट्या जावेला ते पहिल्यापासून माहीत होतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आता ही गोष्ट हसण्यावारी न्यायचं चाललं आहे. नवरा हसतो, दीर हसतो, लातूरहून फोन आला की पलीकडे कुणीतरी खुसखुसत असतं. मी हसलेली नाही.

माझं नांदेडात सजावटीच्या सामानाचं दुकान आहे. तोरणं, लेस, खडे, पुठ्ठ्याची मखरं, महालक्ष्म्यांचे दागिने, चौरंगावरचे रुमाल. हे दुकान मला माहेरानं दिलेलं नाही आणि सासरानंही नाही. सुरुवातीला मी कंधारच्या आणि देगलूरच्या बाजारात जमिनीवर ताडपत्री टाकून फिती आणि लेस विकत होते. देगलूरला गिऱ्हाईक तेलुगूत भाव पाडायचं, म्हणून मी तेलुगूत नाही म्हणायला शिकले. हैदराबादचे ठोक व्यापारी आजही मला दुकानात शिरताना पाहिलं की आधी पंखा लावतात, मग चहा सांगतात आणि मग भाव. माझा आवाज चढतो हे मला ठाऊक आहे. तो चढला नसता तर आज मी ताडपत्रीवरच असते.

एवढं सांगायचं कारण इतकंच की मला फसवणं सोपं नाही. लेस खरी की खोटी, हे मी डोळे मिटून दोन बोटांत ओळखते. आणि मला फसवलं कशानं? तर कणकेच्या वेणीनं.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. दोघी जणी, थोरली आणि धाकटी, पुढ्यात त्यांची दोन लेकरं. बाहेरचे लोक गौरी म्हणतात, आम्ही महालक्ष्म्याच म्हणतो. पहिल्या दिवशी त्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. त्यांच्या डोक्यावर आडवी काठी बांधायची आणि तिला दोऱ्यानं फुलोरा टांगायचा. फुलोरा म्हणजे तळलेल्या पदार्थांची आरास. करंज्या आणि पापड्या तर असतातच, शिवाय बाईमाणसाला लागणाऱ्या सगळ्या वस्तू कणकेच्या करायच्या. फणी, आरसा, कुंकवाचा करंडा, पाळणा, पाट, आणि वेणी. कणीक, गूळ आणि तेल यापलीकडे त्याला काही लागत नाही. गरिबातल्या गरीब घरातही फुलोरा तसाच होतो जसा श्रीमंताच्या, फक्त हात चालला पाहिजे. म्हणूनच मला तो सगळ्या सणात जास्त आवडतो. मी दिवसभर लोकांना चकाकणारं सामान विकते, पण माझ्या घरच्या महालक्ष्म्यांच्या मागे जुनी पातळं चुण्या घालून लावलेली असतात, दाराला मागच्या साली जपून ठेवलेल्या ज्वारीच्या कणसांचं तोरण असतं आणि फुलं रंगीत कागदाची, घरी कातरलेली. माझ्या दुकानातली एकही वस्तू त्या खोलीत येत नाही. त्या वस्तू किती दिवस टिकतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

प्रत्येक घराच्या फुलोऱ्याला त्या घराची अशी एक खूण असते. आमची खूण वेणी. दुसरीकडे तीन पेडांची साधी वेणी घालतात. आमची पाच पेडांची, हातभर लांब, खाली गोंडा असलेली, दोघी महालक्ष्म्यांच्या बरोबर मध्ये टांगायची. जेवायला आलेल्या बायका आत पाऊल टाकल्याबरोबर मान वर करून आधी वेणी बघतात. ती नसली तर तोंडावर कुणी काही बोलणार नाही, पण परत जाताना जिन्यावर बोलतील.

सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा ह्या महालक्ष्म्या मी मागून घेतल्या. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला. गावातलं घर बंदच असायचं. आम्ही नांदेडला, दीर लातूरला. भांडीकुंडी अंगणात मांडली होती. तांब्याचे हंडे, घंगाळं, मोठी परात, पितळी डबे. जावेचा डोळा हंड्यांवर होता, हे मला समजत होतं. मी म्हटलं, "हंडे तू ने, घंगाळंही ने. मला मुखवटे दे."

मुखवटे पितळेचे, जुने, एकीच्या नाकाला पोचा आलेला. भावकीतल्या एकानं हळूच नवऱ्याला म्हटलं, "लई हुशार म्हणत होतात की हिला." पण सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

"मुखवटे नेतीस तर त्यांचं सगळं करावं लागतंय," त्या म्हणाल्या. "सोळा भाज्या, अंबील, पुरण, फुलोरा. दुकान बंद ठिवून."

"ठेवीन, आत्याबाई."

"अन् फुलोरा इकत आणायचा न्हाई."

"मी विकणारी आहे. विकत आणणारी नाही."

"बघू," त्या म्हणाल्या.

सौदा झाला. मी मनात खूश होते. हंडे काय, कुठंही मिळतात. पण सासूबाईंनी पिशवी उचलली आणि जावेच्या गाडीत जाऊन बसल्या. धाकट्याकडे लातूरला दवाखाना जवळ आहे, शेजारीपाजारी गावाकडचीच माणसं आहेत, असं कारण त्यांनी सांगितलं. खरंही होतं ते. मुखवटे माझ्या मांडीवर, आणि ते सगळं करणारे हात लातूरच्या रस्त्याला लागले. वाटणीत मी सगळं मोजलं, हात मोजायचे राहून गेले.

पहिल्या वर्षी मी पहाटे उठून फुलोऱ्याला बसले. सासूबाईंनी फोनवर सगळं सांगितलं होतं. कणकेत गुळाचं पाणी, कडकडीत तेलाचं मोहन, घट्ट मळायचं, ओल्या फडक्याखाली ठेवायचं. करंज्या झाल्या. फणी तर अशी झाली की माझ्या मुलीनं ती केसांतून फिरवून बघितली. पाळणा झाला, करंडा झाला. मग पाच पेडांची वेणी घातली, गोंडा लावला, हलक्या हातानं तेलात सोडली. पेड सुटले. डोळ्यांदेखत एकेक पेड वेगळा होऊन कढईत तरंगायला लागला. दुसरी केली, तीही सुटली. तिसरीचा गोंडाच निखळला.

"आत्याबाई, वेणी सुटते आहे."

"पीठ सारखंच हाय की. हात बसाया पायजे."

"मग हात बसवायला या इकडं."

त्या म्हणाल्या, "गाडी धाडतीस का?"

मी नवऱ्याला तसंच लातूरला पाठवलं. अहमदपूर, लोहा करत सासूबाई दुपारी आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात मळलेलं पीठ. "माझ्या हाताच्या पिठाची मला सवय हाय," म्हणाल्या. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "तेलापाशी गर्दी नको." अर्ध्या तासानं दार उघडलं तर ताटात वेणी. पाच पेड, एकाला एक चिकटलेले, गोंडा ताठ. ती टांगली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी आज मला परत हवं आहे.

त्यानंतर दर वर्षी तेच. महालक्ष्म्या जवळ आल्या की मी फोन करायची, गाडी जायची, सासूबाई डबा घेऊन यायच्या. त्यांचं येणं म्हणजे सोहळा असे. पुढच्या सीटवर खिडकी त्यांची. लोह्याला थांबून चहा. घरी आल्यावर आधी मागच्या साली लावलेली पातळं बघायची, कुठलं विरलं, कुठल्याचा काठ अजून चांगला आहे. विरलेल्या पातळाच्या त्या चिंध्या काढत आणि त्यांची फुलं वळत. कापसाच्या वाती, दोऱ्याचे हार, खारकेच्या बाहुल्या, सुपाऱ्यांना रंगीत कागद डकवून केलेली पिटुकली घागर. कितीही साधी वस्तू असो, त्यांच्या हातात आली की ती टाकायची आहे असं वाटायचं नाही. आणि मी हे त्यांच्या तोंडावर कबूल करत होते, हेही लिहून ठेवते. मी कंजूष नाही कौतुकाला.

एकदा त्यांना दुकानात बसवायची चूक मी केली. सणाच्या आधीची गर्दी होती. एक बाई मखराचा पडदा हातात घेऊन उभी, मी भाव सांगते आहे, आणि मागून सासूबाई म्हणाल्या, "बाई, घरी जुनं पातळ न्हाई का?"

"आहे की," बाई म्हणाली.

"मंग हे कशाला घेऊन राहिलीस? त्याचा काठ वर लाव अन् पदर मदी सोड. ह्याच्यापरीस बरं दिसतंय."

बाईनं पडदा खाली ठेवला.

"आत्याबाई," मी दात आवळून म्हटलं, "दुकान माझं आहे."

"मी कुठं म्हनलं माझं हाय?"

त्या दिवशी त्यांनी माझी निदान तीन गिऱ्हाइकं घालवली. चौथी बाई मात्र त्यांच्याशी गप्पा मारत बसली आणि जाताना नको असलेल्या चार वस्तू घेऊन गेली. सासूबाई म्हणाल्या, "बघ, गिऱ्हाईक असं धरायचं असतंय."

वेणी शिकवा म्हणून मी त्यांच्याशी सौदा करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. चांगलं इरकल लुगडं आणलं. त्यांनी ते घेतलं, नेसल्या, मला वाकून नमस्कार करू दिला, आणि वेणीचं काढताच म्हणाल्या, "शिकवते की. पुढच्या साली." पुढच्या साली महालक्ष्म्या झाल्यावर माहूरला घेऊन गेले, खुर्ची उचलून नेणाऱ्यांकडून गडावर चढवलं, देवीची ओटी भरली. उतरताना म्हटलं, "आता तरी?" तर म्हणाल्या, "देवीच्या दारात सौदा करतीस व्हय?" मी ओरडले. तिथल्या पायऱ्यांवर, लोकांसमोर. "अहो, एक वेणी आहे ती! ती घेऊन तुम्ही वर जाणार आहात का?" त्या खुर्चीत बसून खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वर कशाला नेऊ. तिथं कोन टांगणार."

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. फुलोरा तिसऱ्या दिवशी उतरवून वाटला जातो. करंज्या, पापड्या खुसखुशीत. पण वेणी दाताखाली दगडासारखी. मुलं चावायचा प्रयत्न करत आणि सोडून देत. आम्ही ती फोडून रात्रभर दुधात भिजत घालायचो. सासूबाई म्हणत, "देवीच्या केसाला दात लागू नये, म्हनून ती अशी असती." मी ऐकून घेतलं. सगळं जर एकाच पिठाचं, तर तेवढीच कडक का, हा प्रश्न माझ्यासारख्या बाईला पडला नाही. नैवेद्य व्हायच्या आधी चव बघायची नसते, आणि नंतर पाहुण्यांच्या गर्दीत कोण विचार करतं? पण दुकानात असा माल कुणी माझ्या हातावर ठेवला असता तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं.

ह्या वर्षी श्रावणात सासूबाई लातूरच्या घरी न्हाणीघरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आल्या, पण उठायचं नाही, गाडीत बसायचं तर नावच नको. मी दोनदा भेटून आले. दुसऱ्या खेपेला त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "अवंदा फुलोऱ्याचं कसं करतीस?"

"करीन काहीतरी. तुम्ही पाय सांभाळा."

"येणी?"

"ती पण करीन."

"जमतंय का बघ," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड केलं.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी मी सकाळपासून कढईपुढे होते. जावेनं तिकडून व्हिडिओ कॉल लावून फोन सासूबाईंच्या उशीपाशी टेकवला होता. पडद्यावर मला अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसत होता.

"मोहन किती घालू, आत्याबाई?"

"घालतीस तेवढंच."

"पीठ घट्ट आहे. बघा."

"चांगलं हाय."

मी वेणी सोडली. सुटली. दुसरी सोडली. सुटली. तिसऱ्या वेळी मी पेडांच्या टोकांना पाणी लावलं, दूध लावलं, दोऱ्यानं बांधून बघितलं. तेलात दोरा जळाला आणि वेणी सुटली. मुलगी म्हणाली, "आई, तीन पेडांचीच करू या." नवरा आला, कढई बघितली, आणि त्याला जे बोलायचं नव्हतं नेमकं तेच बोलला. "दुकानात तयार फुलोऱ्याची पाकिटं आहेत ना? त्यातली वेणी काढून लाव. कुणाला कळतंय."

मी झारा ओट्यावर आपटला. तेल उडालं, माझ्याच मनगटावर आलं. "मला कळतंय!" म्हणून ओरडले, आणि मग फोनकडे वळून सासूबाईंवर ओरडले. "आत्याबाई, मुखवटे मी घेतले म्हणून एवढा राग? सगळ्या घरासमोर माझी फजिती बघायची होती तर तेव्हाच सांगायचं, मी हंडे घेतले असते!"

पडद्यावरचं कपाळ भिंतीकडे वळलं. मग फोन कुणीतरी उचलला आणि बंद झाला.

थोड्या वेळानं जावेचा फोन आला. गच्चीवरून बोलत होती, मागे कबुतरांचा आवाज.

"अक्का, एक सांगते, रागावू नका."

"रागावले आहे. पुढं बोल."

"येणीच्या पिठात मोहन घालू नका."

मला आधी समजलंच नाही. "काय?"

"मोहन घालीतच न्हाईत तिच्यात. नुसती कणीक, वंजळभर रवा अन् गुळाचं पाणी. मोहन घातलं की पेड एकाला एक धरत न्हाईत. म्हणून तर ती कडक होते."

"तुला कसं माहीत?"

"डबा कोण भरत होतं, अक्का? दर साली पीठ मीच मळून देत होते."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. हंडे नेलेल्या बाईनं दर वर्षी माझ्या घरासाठी पीठ मळलं होतं आणि तोंड मिटून ठेवलं होतं.

"मग एवढी वर्षं मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी गळ्याची शपथ घातली होती. आत्ता बी त्यांना माहीत न्हाई मी फोन केला ते. तुम्ही वरडल्यावर तिकडं तोंड करून रडून राहिल्यात. त्या म्हणायच्या, थोरलीला येणी आली की मला न्यायला कोण येतंय?"

"असं म्हणाल्या?"

"हाव."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? अक्का, राग येऊ देऊ नका, पण महालक्ष्म्या सोडून तुम्ही कधी गाडी धाडली त्यांना?"

ह्याचं उत्तर मी तिला तिथंच दिलं आणि इथंही देते. दिवाळी माझा धंद्याचा हंगाम आहे. संक्रांतीला वाणाचं सामान, लग्नसराईत रुखवताचं सामान, गणपतीत मखरं. लोकांचे सण होतात म्हणून माझं घर चालतं. दुकानात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा म्हाताऱ्या माणसाला आणून कुठं बसवू? महालक्ष्म्यांना मी दुकान बंद ठेवते, कारण तसं कबूल केलं आहे. हे सासूबाईंना समजत नव्हतं असं नाही. माझ्या दुकानात बसून त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मला यायचंय, असं एकदा तरी म्हणायचं होतं. मी भाव करते, पण मागणाऱ्याला कधी रिकामं पाठवलेलं नाही. विचारा देगलूरच्या बाजारात.

मी फोन ठेवला आणि नवीन पीठ मळलं. मोहन न घालता. हाताला ते वेगळंच लागलं, चिवट, ओढलं की परत येणारं. पाच पेड घातले, गोंडा केला, तेलात सोडली. एकही पेड हलला नाही. वेणी सरळ खाली गेली, मग अलगद वर आली आणि तांबूस होत गेली. मुलीनं टाळ्या वाजवल्या. एवढी वर्षं जे मला येत नव्हतं ते येण्यात काहीच अवघड नव्हतं, ह्याचा मला किती संताप आला ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी बायका जेवायला आल्या, माना वर केल्या. शेजारची म्हणाली, "सासूबाई आल्या नाहीत तरी वेणी तीच की!" मी म्हटलं, "हो, तीच." वेणी पुरी झाली, फुलोरा पुरा झाला, सोळा भाज्या झाल्या. पण पंगत उठल्यावर पुढच्या खोलीतली त्यांची खुर्ची मोकळी होती. तिथं बसून त्या दर वर्षी प्रत्येक बाईकडे तिच्या माहेराची चौकशी करायच्या. त्या दिवशी बायका लवकर गेल्या.

महालक्ष्म्या गेल्या त्या संध्याकाळी वेणी मी कुणाला वाटली नाही. डब्यात घातली, तोच स्टीलचा डबा, मागच्या साली त्या विसरून गेलेला, आणि सकाळी लातूरला गेले.

सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. बारीक झाल्या आहेत. मी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी झाकण काढलं, वेणी उचलली, उजेडात धरली, पेडांत अंगठ्याचं नख घालून बघितलं. पेड सुटला नाही. जाऊ दारात उभी होती, ती हळूच स्वयंपाकघरात निघून गेली.

"मोहन घातलं न्हाईस," त्या म्हणाल्या.

"नाही घातलं."

"गोंडा जरा ढिला हाय."

"पुढच्या वेळी घट्ट करीन."

त्यांनी वेणी परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. "मंग झालं. आली की तुला येणी. आता मला कशाला नेतीस."

माझा आवाज चढला. दीर आतून आले, नातू पुस्तक हातात घेऊन दारात आला. मी म्हटलं, "आत्याबाई, धंद्यात मी रोज लोकांशी भांडते, पण समोरच्याला माहीत असतं की सौदा चालू आहे. तुम्ही माझ्याशी सौदा केलात आणि मला पत्ता लागू दिला नाही. तुम्ही वेणी रोखून धरलीत कशाच्या बदल्यात? पुढच्या सीटच्या? लोह्याच्या चहाच्या? ते तर मी फुकट दिलं असतं!"

"हळू बोल," दीर म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलंय..."

"तुम्ही मधे पडू नका, भाऊजी."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी ओठांवर आलं होतं असं मला वाटलं. मग त्यांनी कानावर हात ठेवला. "मला आजकाल कमी ऐकू येतंय," म्हणाल्या, आणि नातवाकडे वळल्या. "जा रे, दूध आण. येणी भिजवाया पायजे."

त्यांना उत्तम ऐकू येतं. कुलूप काढलेलंसुद्धा शेजारच्या खोलीतून ऐकू येतं. आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी वेणी दुधात भिजवून खाल्ली. जावेनं मला मोठा तुकडा वाढला, गोंड्याचा, आणि मी तिच्याकडे बघितलं नाही. निघताना दीर म्हणाले, "वैनी, जाऊ द्या. म्हातारं माणूस हाय." नवरा गाडीत म्हणाला, "किती गोड आहे गं हे सगळं." तेव्हापासून हसणं सुरू झालं.

मला ते गोड वाटत नाही. मी गाडी पाठवत होते ती वेणीसाठी, असं एका माणसानं ठरवून टाकलं आणि त्यावर एवढी वर्षं काढली. गाडीत पुढची सीट कुणासाठी मोकळी ठेवली होती, खिडकीची काच कुणाला वारा लागू नये म्हणून वर केली होती, माहूरच्या पायऱ्यांवर पाणी कुणाला पाजलं होतं, हे सगळं त्यांनी वेणीच्या बदल्यात धरलं. हा भाव मी मान्य केलेला नाही.

डॉक्टर म्हणतात, हाड जुळलं की दिवाळीपर्यंत गाडीत बसता येईल. दिवाळीत माझं दुकान भरलेलं असतं, तरी मी स्वतः लातूरला जाणार आहे. तेव्हा महालक्ष्म्या नसतील, फुलोरा नसेल, वेणीची कुणाला गरज नसेल. पुढचं दार मी उघडून धरीन. पण गाडीत पाऊल ठेवायच्या आधी, आत्याबाई, तुमच्या दोन्ही लेकांसमोर आणि त्या पीठ मळणाऱ्या बाईसमोर, कानावरचा हात काढून मला सांगा: वेणीशिवाय मी तुम्हाला न्यायला येणार नाही, हे तुम्ही मला न विचारता कसं ठरवलंत?